महिन्यातले बारा दिवस

मैत्रिणींनो, बैठकीत दंडाचा नियम करायचा म्हटलं तरी आपल्यात कुरबूर होते. तामिळनाडूतल्या काही मच्छीमार बायकांनी तर स्वतःच्या कमाईवरच बंधन घातलं, तेही प्रवाळासाठी.

रामेश्वरम ते तुतीकोरिन या पट्ट्यात, मन्नारच्या आखातात, 21 छोटी बेटं आहेत. त्यांच्या भोवती पाण्याखाली प्रवाळ आहे. दिसतो दगड, पण ते बारीक जीवांचं घर असतं. एकाच्या चुन्याच्या कवचावर दुसऱ्याचं, असं करत भिंत उभी राहते. त्या भिंतीच्या फटींत माशांची पिल्लं वाढतात, लाटांचा जोरही तिथेच मोडतो.

पण चुना दिसल्यावर माणूस सोडतो होय? वर्षानुवर्षं हे प्रवाळ फोडून चुन्याला आणि बांधकामाला नेलं गेलं. दोन बेटं तर पाण्याखाली गेली. 2001 मध्ये प्रवाळाला कायद्याने वाघाच्या बरोबरीचं संरक्षण मिळालं, तेव्हा कुठे आळा बसू लागला.

मग लागवड आली. तुतीकोरिनची सुगंथी देवदासन सागरी संशोधन संस्था 2002 पासून हे काम करते. आपण उसाचं बेणं लावतो ना, तसंच. जिवंत प्रवाळाचा तुकडा सिमेंटच्या लादीवर बांधायचा आणि पाणबुड्यांनी ती लादी तळाशी चौकटीवर नेऊन ठेवायची. फांद्यांची जात वर्षाला काही सेंटीमीटर वाढते, गोलाकार जात त्याहूनही हळू.

पण नुसतं लावून काय होतं? याच पाण्यात बायका समुद्रशेवाळ वेचतात. बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, डोळ्यांना चष्मा लावायचा आणि श्वास कोंडून बुडी मारायची. शेवाळ लोखंडी अवजाराने खरवडलं की खालच्या प्रवाळाला इजा होते. बेटांभोवती 1986 मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं होतं. पुढे वनखातं बायकांना अडवू लागलं. पोट तर त्याच पाण्यावर!

मग बायकांनी एकत्र बसून नियम केले. महिन्यात फक्त 12 दिवस वेचायचं, अमावास्येच्या सुमारास सहा आणि पौर्णिमेच्या सुमारास सहा. शेवाळाच्या वाढीच्या हंगामात 45 दिवस काम पूर्ण बंद. लोखंडी अवजार नाही, हातानेच तोडायचं. यात पुढे असलेल्या चिन्नपालमच्या लक्ष्मी मूर्ती यांना 2015 चं सीकॉलॉजी पारितोषिक मिळालं. मला विचाराल तर बक्षिसापेक्षा अवघड होतं ते कमाईचे दिवस सोडणं.

एक गोष्ट मात्र त्यांच्याही हातात नाही. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं. ते शेवाळच त्याला अन्न देतं, रंगही देतं. ते गेलं की प्रवाळ पांढरंफटक पडतं. 2010 आणि 2016 मध्ये तिथे असंच झालं, आणि बरंच प्रवाळ मेलं.

आपल्याकडे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही प्रवाळ आहे. गटाची सहल गेली तर पाण्यात त्यावर उभ्या राहू नका, आणि नांगर कुठे टाकता हे बोटवाल्याला विचारा.