‘गॅस झालाय’ म्हणण्यापूर्वी…

रात्रीचे दहा वाजून गेलेले असतात. दिवसभराच्या धावपळीनंतर घरी आलेला माणूस भराभर जेवतो आणि अर्ध्या तासात अंथरुणाला पाठ टेकतो. मग छातीत जळजळ, आंबट ढेकर, पोटाला तडस. ‘गॅस झालाय’ म्हणत उशाशी ठेवलेली गोळी घेतली जाते, नाहीतर पाण्यात फसफसणारा सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

‘गॅस’ हा शब्द आपल्याकडे फार ऐसपैस आहे. पोट फुगणं, मळमळ, करपट ढेकर, बरगडीखालची कळ, इतकंच काय, छातीवर आलेला दाबही त्या एका शब्दात बसवला जातो. प्रत्यक्षात या तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही.

जठर जागा कशी करतं?

घास पोटात गेला की जठराचा वरचा भाग सैल होऊन अन्नाला जागा करून देतो. खालचा भाग अन्न घुसळून ते थोडं थोडं लहान आतड्यात सोडतो. साधं जेवण पुढे सरकायला तीन-चार तास लागतात. जेवण तळलेलं, तुपकट असेल तर आणखी वेळ लागतो, कारण स्निग्ध पदार्थ आतड्यात पोहोचताच तिथली संप्रेरकं जठराची गती कमी करतात.

काहींचं जठर पुरेसं सैल होत नाही, तर काहींच्या जठराच्या नसा अधिक संवेदनशील असतात. त्यांना चार घासांतच पोट गच्च वाटतं, पण एंडोस्कोपीत काहीच सापडत नाही. याला ‘फंक्शनल डिस्पेप्सिया’ म्हणतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, म्हणजे मनाचे खेळ’ असं घरचे म्हणतात, पण त्रास खरा असतो. बिघाड अवयवाच्या रचनेत नसून त्याच्या कामात असतो. अशांना एका वेळी थोडं, पण दिवसातून चार-पाच वेळा आणि सावकाश खाल्ल्याने बराच आराम पडू शकतो.

जळजळ आणि फुगारा

अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावर स्नायूंची एक झडप असते. ती सैल पडली की आम्ल वर येतं आणि छातीत जळजळतं. भरल्या पोटी आडवं झालं की हे आणखी सोपं होतं. म्हणून रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तासांचं अंतर हवं. डाव्या कुशीवर झोपल्याने फायदा होतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू वीतभर उंच करता येते. नुसत्या उशा वाढवल्या तर कंबरेत वाकल्याने पोटावर दाब येतो. वाढलेलं वजन आणि तंबाखू हेही जळजळीला हातभार लावतात.

पोट फुगण्याचं कारण मात्र बहुधा आणखी खाली, मोठ्या आतड्यात असतं. वाल, चवळी, राजमा यांतल्या काही शर्करा पचवणारं विकर माणसाच्या शरीरात नसतं. त्या मोठ्या आतड्यात पोहोचल्या की तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. कडधान्यं रात्रभर भिजवून ते पाणी टाकून देणं, त्यांना मोड आणणं या जुन्या पद्धतींनी या शर्करा कमी होतात. दुधाने पोट फुगणाऱ्या अनेकांना दही-ताक मात्र सोसतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी दुधातली काही साखर आधीच फोडलेली असते.

गोळीचा हिशेब

आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्या नाश्त्याच्या अर्धा तास आधी घेतल्या तर नीट काम करतात. जेवून त्रास सुरू झाल्यावर घेतल्यास त्यांचा परिणाम कमी होतो. त्या वर्षानुवर्षं सल्ल्याशिवाय घेत राहिल्यास बी-१२ जीवनसत्त्वाचं शोषण कमी होऊ शकतं. शाकाहारी माणसाला त्याची चणचण आधीच असू शकते. खाण्याच्या सोड्यात सोडियम भरपूर असतं, त्यामुळे रक्तदाब असणाऱ्यांनी तो रोज घेऊ नये.

वारंवार पोट दुखत असेल तर मूळ शोधायला हवं. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणूही व्रणाचं मोठं कारण आहे. तणाव आणि तिखट यांनाच व्रणाचा दोष दिला जात होता, त्या काळात १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉ. बॅरी मार्शल यांनी हा जिवाणू स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. त्यांना आणि डॉ. रॉबिन वॉरन यांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. आज हा संसर्ग प्रतिजैविकांच्या पूर्ण कोर्सने बरा करता येतो.

वेळ घालवू नये असं काही

हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा अडला तर दुखणं छातीऐवजी पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकतं. मधुमेही, स्त्रिया आणि वयस्कर माणसांत लक्षणं अशी फसवी असण्याची शक्यता अधिक. छातीत किंवा बेंबीच्या वर दाब, सोबत दरदरून घाम, धाप, जबड्यात किंवा हातात कळ, किंवा जिना चढताना येऊन थांबल्यावर कमी होणारी ‘ॲसिडिटी’ असेल, तर सोडा पिऊन वाट पाहू नये. १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावं आणि ईसीजी काढावा. ढेकर आल्यावर बरं वाटलं म्हणजे हृदय ठीक आहे, असं नाही.

गिळताना घास अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, रक्तक्षय, पन्नाशी-साठीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांकडे लवकर जावं. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली उठून पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाणारी कळ पित्ताशयातल्या खड्यांची असू शकते.

यांपैकी काहीच नसेल, तर दोन आठवडे एका वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : काय खाल्लं, किती वाजता आणि त्रास कधी, कुठे झाला. डॉक्टरांना ही वही ‘गॅस होतो’ या दोन शब्दांपेक्षा कितीतरी जास्त सांगते.