कोवळी ज्वारी, हिरवा चारा आणि काही भ्रम

पावसाने ओढ दिली की गुडघ्याएवढी ज्वारी माना टाकते. पीक गेलंच, निदान जनावरांच्या तोंडी तरी जाऊ दे, म्हणून गुरं रानात सोडली जातात. थोड्याच वेळात एखादी गाय धापा टाकत आडवी होते. मग कोणी म्हणतं साप, कोणी म्हणतं करणी. बहुतेक वेळा तिला किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, लागलेली असते.

ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात धुरिन नावाचं द्रव्य असतं. पाला चावला गेला की ते फुटतं आणि पोटात हायड्रोजन सायनाइड सुटतं. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. म्हणून गुदमरत असूनही जनावराच्या हिरड्या सुरुवातीला लालभडक दिसतात.

‘आमची गुरं पिढ्यान् पिढ्या ज्वारीच खातात, त्यांना सवय आहे,’ हे हमखास ऐकू येतं. अहो, ती खातात तो कडबा! पीक पोसत जातं तसं धुरिन कमी होतं आणि चारा कडक वाळला की सायनाइडचा धोका आणखी उतरतो. कोवळेपण, पाण्याचा ताण आणि युरियाचा सढळ हात एकत्र आले, की तीच ज्वारी जिवावर उठते. कापणीनंतर बुडख्यातून येणारे फुटवेही तितकेच घातक. रान मोकळं झालं म्हणून गुरं सोडतात ती नेमकी त्यांच्यावरच.

‘कापून थोडा वेळ सुकू दिला की झालं.’ नाही. कोमेजलेला चारा म्हणजे वाळलेला चारा नव्हे. शिवाय ताणातल्या ज्वारीत नायट्रेटही साठतं, विशेषतः खोडाच्या बुडाकडे, आणि ते वाळवूनही जात नाही. त्या विषबाधेत रक्त चॉकलेटी होतं.

गूळपाणी, ताक हे उतारे नव्हेत. धापा टाकणाऱ्या जनावराच्या घशात ओतलेलं फुफ्फुसात जातं, ते वेगळंच. सायनाइडवर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतात. पण बाधा नायट्रेटची असेल तर नायट्राइटने जनावर आणखी खालावतं. तेव्हा ऐकीव माहितीवर सुई टोचू नका.

निम्मं पीक फुलोऱ्यात येईपर्यंत गुरं ज्वारीत सोडू नका. आणि तरीही शिरलीच, तर डॉक्टरांना फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा: कोवळी ज्वारी खाल्ली आहे.