चेंडू वाहणारे रोलर आणि यंत्रमानवातील तारा

श्रीपेरुंबुदूर हे चेन्नईच्या पश्चिमेस, बेंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर वसलेले गाव होय. रामानुजाचार्यांचे जन्मस्थान म्हणून ते कित्येक शतके परिचित होते. अलीकडे मात्र कारखान्यांचे गाव अशी त्याची ख्याती झाली आहे. जवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथे १९९८ साली ह्युंदाईच्या मोटारी तयार होऊ लागल्या आणि २००० साली सेंट गोबेन कंपनीचा काचकारखाना सुरू झाला. तरंगकाचेच्या पद्धतीत वितळलेल्या कथलावर पसरलेली काचेची अखंड पट्टी सुमारे ६०० अंश सेल्सियस तापमानाला बाहेर येते आणि रोलरांच्या लांबलचक रांगेवरून थंड होत होत पुढे सरकते.

कारखान्यातील रोलरांचे गणित तुलनेने सरळ असते. काच असो वा खोके, वस्तू स्वतःच्या वजनाने रोलरांवर टेकलेली राहते. खोक्याखाली कोणत्याही क्षणी किमान तीन रोलर असावेत, एवढा नियम पाळला की बहुतेक काम भागते. परंतु याच परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. तेथील विद्यार्थ्याने स्पर्धेसाठी यंत्रमानव बांधावयास घेतला आणि शेजारच्या कारखान्याचा नमुना जसाच्या तसा उचलला, तर त्याची फसगत होण्याचा संभव फार.

आशिया-पॅसिफिक प्रदेशातील प्रसारण संस्थांच्या संघाने २००२ साली सुरू केलेली ‘रोबोकॉन’ ही अशा स्पर्धांपैकी एक. २००८ साली ती पुण्यात झाली, तेव्हा खेळाचा विषय दहीहंडीवरून घेतलेला होता. २०२४ साली यजमान व्हिएतनामने भाताच्या सुगीचा विषय दिला. त्यात चेंडू हे धान्याचे दाणे. यंत्रमानवाने पोचट दाणे वगळून भरलेले दाणे उचलावयाचे व कणग्यांत टाकावयाचे. या सगळ्यासाठी मिळतात केवळ ३ मिनिटे. कित्येक महिन्यांचे श्रम या ३ मिनिटांत सफल तरी होतात, नाहीतर वाया तरी जातात.

चेंडू हलका असतो आणि रोलरला त्याचा स्पर्श अगदी थोड्या जागी होतो. वजनामुळे मिळणारे घर्षण पुरेसे नसल्याने त्याला दाबून धरावे लागते. समजा, चेंडूचा व्यास १९ सेंमी आहे. तर रोलर आणि समोरची भिंत यांत १८ सेंमी अंतर ठेवावे, म्हणजे तो १ सेंमी दबेल व पकड मिळेल. हवा कमीअधिक असलेले चेंडू निराळ्या प्रमाणात दबतात, म्हणून भिंत थोडी मागेपुढे सरकविता येईल अशीच बसविणे शहाणपणाचे. पोलादी गुळगुळीत रोलर कारखान्यात वर्षानुवर्षे टिकतो, पण येथे तो चेंडूवरून नुसता घसरतो. त्यापेक्षा प्लास्टिकच्या नळीवर सायकलची जुनी ट्यूब ताणून चढविलेला रोलर पुष्कळदा सरस ठरतो. वस्तू कठीण असेल तर रोलर मऊ हवा; दोहोंपैकी एकाने तरी दबले पाहिजे.

यानंतर वेगाचा विचार. यंत्रमानव सेकंदाला १ मीटर वेगाने चेंडूवर चालून जात असेल, तर तोंडाशी असलेल्या रोलरच्या पृष्ठभागाचा वेग त्याच्या दुप्पट असावा. अन्यथा चेंडू आत येण्याऐवजी पुढे ढकलला जातो. ५० मिमी व्यासाच्या रोलरला त्यासाठी मिनिटाला सुमारे ७६५ फेरे घ्यावे लागतात. आत शिरलेला चेंडू स्थिर भिंतीवरून गडगडत जातो, तेव्हा त्याचा मध्यबिंदू रोलरच्या पृष्ठभागाच्या निम्म्याच वेगाने पुढे सरकतो, हेही ध्यानात ठेवावे.

या गडगडण्यातच एक खोड दडलेली आहे. एकामागून एक दोन चेंडू एकाच दिशेने फिरत असतात. ते परस्परांना चिकटले की स्पर्शाच्या जागी त्यांचे पृष्ठभाग उलट दिशांना जातात, एकमेकांना घासतात आणि रांग अडते. चेंडूंमध्ये अंतर राखणे हा एक उपाय. दोन्ही बाजूंना सारख्या वेगाचे पट्टे लावणे हा दुसरा. त्यात चेंडू न फिरता सरळ पुढे जातो, मात्र वजन व खर्च दोन्ही वाढतात.

रांग अडली म्हणजे रोलर थांबतो आणि त्याबरोबर मोटरही. येथून प्रश्न तारांकडे वळतो. फिरणारी मोटर स्वतःच विरोधी विद्युत्दाब निर्माण करून प्रवाहाला आवर घालीत असते. ती अडकली की हा आवर नाहीसा होतो. एरवी ३ अँपिअर घेणारी मोटर अशा वेळी ३० अँपिअरदेखील ओढू शकते. बॅटरी १२ व्होल्टची आहे आणि जाण्यायेण्याची मिळून ४ मीटर तांब्याची तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची आहे, असे धरू. तिचा रोध ०.१४ ओहमच्या आसपास भरतो, म्हणजे ३० अँपिअरला ४ व्होल्ट तारेतच खर्ची पडतात. नियंत्रक मंडळाला वीज त्याच तारेवरून मिळत असेल, तर दाब कोसळून ते बंद पडते व पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. प्रेक्षकांना दिसते ते इतकेच की, चेंडू अडकला आणि यंत्रमानव जागच्या जागी निश्चल झाला. दोष मग आज्ञावलीत शोधला जातो! तार अडीच चौरस मिलिमीटरची असती, तर हीच घट एका व्होल्टच्याही आत राहिली असती.

म्हणून मोटरींना जाड तारा द्याव्यात, प्रत्येक मोटरीला स्वतंत्र वितळतार म्हणजे फ्यूज असावी आणि नियंत्रक मंडळाची वीज थेट बॅटरीपासून वेगळी आणावी. घरगुती वायरिंगची एकसंध तार येथे वापरू नये. कंपनांनी ती तुटते. बारीक तंतूंची लवचीक तार घ्यावी, पण तिच्या टोकाला डाख देताना कथील तंतूंमधून वर चढते आणि जेथे ते संपते नेमक्या त्या ठिकाणी तार मोडते. त्यापेक्षा दाबून बसविलेले टोकण बरे. संवेदकांच्या तारा मोटरींच्या तारांपासून दूर न्याव्यात, आणि त्या ओलांडणे अटळ असेल तेथे काटकोनात ओलांडाव्यात.

हलत्या भागाकडे जाणाऱ्या तारेला थोडी ढील लागतेच. परंतु हीच ढील रोलरच्या आसाशी गेली की तार त्यावर सुतासारखी गुंडाळली जाते, आणि मग मोटर बंद करून ती उलट फिरवीत सोडविण्यावाचून गत्यंतर नसते. यासाठी तार रोलरच्या टोकापासून हातभर दूर बांधून घ्यावी आणि यंत्रमानव मैदानात नेण्यापूर्वी प्रत्येक जोड बोटांनी ओढून पाहावा.