तेलाआधीची दुबई, गाळाआधीचं खारेपाटण

दुबईत पहिल्यांदा उतरणाऱ्याचे डोळे दिपतात, ते साहजिकच आहे. ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफा, बाहेर अंग भाजणारं ऊन आणि मॉलच्या आत बर्फावरून घसरणारी पोरं. पॅकेज टूरवर गेलेलं कुटुंब असो की नोकरीला गेलेला तरुण, निष्कर्ष बहुधा एकच निघतो: वाळूखाली तेल सापडलं आणि नशीब फळफळलं. हा समज सोयीचा आहे, कारण ‘आपल्याकडे कुठे तेल आहे?’ असं म्हणून मोकळं होता येतं. पण तो अर्धवट आहे. तेलाशिवायही बंदर सोनं कमावतं, याचा पुरावा आपल्याच विजयदुर्ग खाडीवरच्या खारेपाटणात सापडलेला आहे.

शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मधला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट खारेपाटणच्याच नावाने ओळखला जातो. त्यात अव्वेश्वराच्या देवळाला गावं इनाम दिली आहेतच, पण खरी गंमत पुढे आहे. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे सोन्याचा एक गद्याण, कंदलमूलीय या ठिकाणाहून येणाऱ्या गलबतामागे सोन्याचं एक धरण देवाला (गद्याण आणि धरण ही तेव्हाची परिमाणं). चौल आणि चंद्रपूर (गोव्यातलं चांदर) इथल्या गलबतांना मात्र माफी. देवाची पूजाअर्चा परदेशी गलबतांच्या भरवशावर सोपवायची, तर ती नेमाने येत असली पाहिजेत. त्याआधी सुमारे शतकभर, दहाव्या शतकाच्या आरंभी, बगदादचा प्रवासी अल मसूदी चौलला आला होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडच्या सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती त्याने तिथे नोंदवली आहे. संपन्न शहर पाहायला तेव्हा अरब प्रवासी आपल्या किनाऱ्यावर येत असे.

दुबईचीही मूळ कथा खाडीचीच. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणने आपल्या लिंगे बंदरात जकातीचा फास आवळला. दुबईच्या शेखाने उलट जकात माफ केली आणि तिकडचे व्यापारी बिऱ्हाडासकट इकडे आले. दुबईचा मोत्यांचा धंदा मुंबईच्या बाजारावर चाले. जागतिक मंदी आणि जपानी कल्चर्ड मोती यांनी तो बुडवला. पुढे खाडीत गाळ भरू लागला, तेव्हा दुबईचे शासक शेख रशीद यांनी कर्ज काढून १९६० च्या आसपास ती उपसून घेतली. तेल सापडलं त्यानंतर, १९६६ साली. त्या पैशाने मग बंदरंच वाढवली. जेबेल अली बंदर १९७९ मध्ये सुरू झालं. दुबईच्या देरा काठावर आजही लाकडी गलबतं लागतात आणि फ्रिज, टायर, खोकी धक्क्यावर उघड्यावर रचलेली दिसतात. विजयदुर्गच्या खाडीतही गाळ साचला, आणि एके काळी वर खारेपाटणपर्यंत येणाऱ्या मोठ्या गलबतांची वाट बंद झाली. इथे मात्र उपसायला कोणी कर्ज काढलं नाही. अर्थात, मुंबईसारखं खोल बंदर जवळ असताना ते फिटलंही नसतं.

यावर कोणी म्हणेल, २००९ मध्ये दुबई कर्जात बुडाली तेव्हा अबू धाबीनेच दहा अब्ज डॉलर देऊन वाचवली, आणि अबू धाबीचा पैसा तेलाचाच. खरं आहे. शेजारी तेल नसतं तर दुबई एवढी फुगली नसती. पण तेल असलेल्या प्रत्येक देशाला दुबई उभी करता आली नाही. व्यापारी आधीपासून तिथे का होते, याचं उत्तर तेलात नाही. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: हे वैभव परक्यांच्या स्वस्त श्रमावर उभं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाला हे सांगायला नको. कित्येक वाड्यांतलं बांधीव चिरेबंदी घर आखाती पगारातून आलेलं आहे. हा आक्षेप माझ्या मुद्द्याला छेद देत नाही, त्याची काळी बाजू दाखवतो. माल आणि भांडवल यांच्यासाठी दार सताड उघडं, माणसासाठी मात्र व्हिसापुरतं. २०१९ पासून दिला जाणारा गोल्डन व्हिसा गुंतवणूकदाराला मिळतो, डॉक्टरला मिळतो. मनोऱ्याच्या परांचीवर उभ्या गवंड्याला करार संपला की परतीचं तिकीट.