वृद्ध रुग्ण आणि रुग्णालयाची वाट

बंगळूरच्या पूर्वेस व्हाइटफील्ड नावाचे उपनगर आहे. १८८२ साली म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी दिलेल्या जमिनीवर अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठी ही वसाहत वसली. आज तेथे संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्या आणि उंच गृहसंकुले उभी आहेत, आणि मुलांच्या नोकरीपायी गाव सोडून आलेले मराठी वृद्धही त्यांत राहतात. भर दुपारी, मुलगा-सून कामावर असताना, आजोबा न्हाणीघरात पडले तर आजी किंवा शेजारी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवतात. कर्नाटकात ही सेवा २००८ साली आणि महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. रुग्णालय गाठेपर्यंतच्या या अवधीत वृद्धाची पारख करणे तरुणाच्या मानाने फार अवघड असते. कारण वृद्ध शरीर आपले दुखणे सरळपणे सांगत नाही.

हृदयविकार म्हटला की छातीतील कळ आठवते. परंतु ऐंशीच्या घरातील माणसाला, विशेषतः त्यास मधुमेह असल्यास, ती कळ पुष्कळदा येतच नाही. धाप लागते, घेरी येते, अंगातले त्राण जाते, इतकेच. न्युमोनियातही ताप चढेलच असे नाही. रक्तस्राव होऊ लागला की तरुणाची नाडी धावू लागते. पण नाडी मंद ठेवणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याची नाडी तशा संकटातही शांत राहू शकते. वरचा रक्तदाब ११० च्या खाली गेल्यास पासष्टीपुढील जखमी माणसाच्या बाबतीत तो धोक्याचा इशारा मानावा, असे अमेरिकेतील मार्गदर्शक नियम सांगतात. आणि ज्याचा रक्तदाब एरवी १६० असतो, त्याचा १२० वर आला तर तो आकडा दिसायला निर्दोष असूनही चिंतेचा असू शकतो.

म्हणून यंत्रावरील आकड्याइतकाच एक प्रश्न मोलाचा ठरतो: हे काल कसे होते? त्याचे उत्तर घरचे माणूसच देऊ शकते. काल वर्तमानपत्र वाचणारा माणूस आज नातवाला ओळखत नसेल, तर ते म्हातारपण नव्हे, आजार होय. ‘वय झाले, चालायचेच’ या वाक्याने आपल्या घरांतून जितकी हानी होते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने होत असेल. व्हाइटफील्डमध्ये त्यात भाषेची भर पडते. घाबरलेले आजोबा मराठीखेरीज काही बोलत नाहीत, आणि कन्नड भाषक परिचारकास ती असंबद्ध बडबड वाटण्याचा संभव असतो. तेव्हा दोन्हीकडचे समजणारे कोणीतरी बरोबर जावे. चष्मा आणि श्रवणयंत्र घातल्यावरही पुष्कळसा ‘भ्रम’ ओसरतो.

पडलेल्या माणसाविषयी दोन गोष्टी विचाराव्यात: पडण्यापूर्वी काय झाले, आणि किती वेळ जमिनीवर होते? एक पाय आखूड दिसून बाहेर वळला असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची शंका घ्यावी व त्यास उभे करू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास डोक्यावरचे लहानसे टेंगूळही क्षुल्लक मानू नये. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत राहते. पाठीला बाक आलेल्या वृद्धास सपाट फळीवर बळेच सरळ करणे घातक असते. मान नेहमी जशी असते तशीच राहील, अशा उशा व घड्या खाली द्याव्यात. उचलताना दंडाला धरून ओढल्यास कागदासारखी पातळ झालेली त्वचा फाटते.

अर्धांगाची लक्षणे दिसली तर प्रथम रक्तातील साखर पाहतात. ती फार उतरली असली तरी तशीच लक्षणे दिसू शकतात. साखर ठीक असल्यास, रुग्णाला धडधाकट स्थितीत शेवटचे कोणी व किती वाजता पाहिले, हे सांगणे अत्यावश्यक ठरते. कारण रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सामान्यतः त्यानंतरच्या साडेचार तासांतच देता येते. औषधांची नावे आठवत बसू नये; गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घालून ती पिशवी रुग्णवाहिकेत ठेवावी.