एकाच स्टिकरमागचे दोन लॅपटॉप

दुकानात दोन लॅपटॉप शेजारी शेजारी मांडलेले असतात. दोन्हींवर ‘रायझन 5’ हेच स्टिकर, किमतीत थोडाफार फरक. एकाच्या प्रोसेसरचा क्रमांक 7520यू, दुसऱ्याचा 7530यू. प्रवेशाच्या कॅप राउंडची धावपळ नुकतीच संपलेली, कॉलेज तोंडावर आलेलं. अशा वेळी एका आकड्याच्या फरकाकडे लक्ष जाणं कठीणच. पण पुढची चार वर्षं कशी जाणार हे बऱ्याच अंशी त्या आकड्यावर ठरतं.

एएमडी कंपनीच्या 2023 सालच्या क्रमांकपद्धतीत पहिला आकडा वर्षाचा असतो आणि तिसरा आकडा चिपची आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते सांगतो. 7520यूमध्ये ‘झेन 2’ ही 2019 साली बाजारात आलेली रचना आहे आणि चार कोअर आहेत. 7530यूमध्ये तिच्या पुढची ‘झेन 3’ आहे आणि कोअर सहा आहेत. शिवाय 7520यू फक्त एलपीडीडीआर5 जातीची मेमरी चालवतो. लॅपटॉपमध्ये ही मेमरी मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. म्हणजे पहिल्या वर्षी 8 जीबीचं मॉडेल घेतलं की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टलाही 8 जीबीच.

इंटेलच्या नावांतही असंच बघावं लागतं. आय5-1235यू आणि आय5-12450एच हे दोन्ही बाराव्या पिढीचे. फरक शेवटच्या अक्षरात आहे. ‘यू’ची मूळ वीजमर्यादा 15 वॅट, ‘एच’ची 45. पहिला कमी तापतो आणि त्याची बॅटरी सहसा जास्त टिकते. दुसरा जड काम जास्त वेळ रेटून नेतो, पण चार्जर सोबत बाळगावा लागतो. 2023 च्या अखेरीपासून इंटेलने नव्या मालिकांच्या नावातला ‘आय’ काढून ‘कोअर 5’ आणि ‘कोअर अल्ट्रा 5’ अशी नावं आणली. त्यामुळे ‘आय5 आहे ना?’ एवढ्या एका प्रश्नावर खरेदी उरकण्याचे दिवस गेले.

मग निवड करायची कशावर? अभ्यासक्रमात पुढे कोणती सॉफ्टवेअर येणार आहेत, त्यावर. ही यादी सीनियर विद्यार्थ्यांकडे किंवा विभागाच्या लॅबमध्ये मिळते आणि ती हातात आली की निम्मा गोंधळ संपतो.

बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला टॅली, एक्सेल, पीडीएफ आणि ऑनलाइन तासांसाठी आय3 आणि 8 जीबी रॅम पुरेशी आहे. मराठी किंवा इतिहास घेऊन बी.ए. करणाऱ्यालाही तेच, तिथे प्रोसेसरवर जास्तीचे पैसे घालण्यापेक्षा चांगल्या पडद्यावर घालावेत. स्वस्त लॅपटॉपमध्ये अजूनही 1366 बाय 768 चा पडदा सापडतो. त्यावर एकीकडे संदर्भाचं पान आणि दुसरीकडे स्वतःचं लिखाण उघडलं की दोन्ही नीट वाचता येत नाहीत. 1920 बाय 1080 च्या खाली जाऊ नये.

कॉम्प्युटर इंजिनीअरिंगचं गणित निराळं. पहिल्या वर्षाची सी किंवा पायथन जुन्या मशीनवरही चालते. पण मिनी प्रोजेक्टसाठी अँड्रॉइड स्टुडिओ उघडला, त्यात एम्युलेटर चालू केला आणि शेजारी ब्राउझरचे दहा टॅब ठेवले, की 8 जीबीचा लॅपटॉप धापा टाकू लागतो. इथे 16 जीबी हवीच. मशीन लर्निंगसाठी महागडं ग्राफिक्स कार्ड घ्यायची मात्र घाई नको. शिकण्यापुरत्या कामासाठी गुगल कोलॅबवर मर्यादित वेळ जीपीयू फुकट मिळतो.

आर्किटेक्चर आणि मेकॅनिकलवाल्यांनी सर्वांत जास्त जपून पाऊल टाकावं. रेव्हिट, थ्रीडीएस मॅक्स आणि सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतात. ॲपलच्या सध्याच्या एम-मालिकेतल्या मॅकवर बूटकॅम्पने विंडोज टाकण्याची सोयही राहिलेली नाही. मॅकबुक एअर अतिशय उत्तम यंत्र आहे आणि 2024 पासून त्यात किमान 16 जीबी मेमरी मिळते, पण या दोन शाखांसाठी ते चुकीचं यंत्र आहे. रेव्हिटला सुरुवातच 16 जीबीपासून लागते आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड इथे खरोखर उपयोगी पडतं. रेव्हिट बनवणाऱ्या ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर पात्र विद्यार्थ्यांना एकेक वर्षाच्या परवान्यावर मोफत मिळतात, तेव्हा पेन ड्राइव्हवरून फिरणारी चोरीची प्रत घेऊन व्हायरस घरात आणण्याचं काहीच कारण नाही.

मेमरी चिपचे भाव 2025 च्या अखेरीस झपाट्याने चढले, कारण कारखान्यांचं मोठं उत्पादन एआयच्या डेटा सेंटरकडे वळलं. त्यामुळे ‘आत्ता 8 घेऊ, पुढे बघू’ हा जुना हिशेब पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. तरी बजेट तोकडंच असेल, तर रॅमसाठी रिकामा स्लॉट असलेलं मॉडेल शोधावं. पुढे 8 जीबीची दुसरी पट्टी बसवली की क्षमता दुप्पट होतेच, शिवाय दोन्ही पट्ट्या एकत्र काम करू लागल्याने प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचाही वेग वाढतो.

घरी राहून शिकणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत डेस्कटॉपचा विचार फार लवकर सोडून दिला जातो. लॅब कॉलेजात असते, सबमिशनचं खरं काम रात्री घरी होतं. तेवढ्याच पैशांत डेस्कटॉपमध्ये अधिक ताकदीचा प्रोसेसर आणि मान न वाकवता बघता येईल असा मोठा मॉनिटर मिळतो, आणि बिघाड झाला तर एकच भाग बदलून भागतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात सुटे भाग घेऊन मशीन जुळवून मिळतं. फक्त प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, म्हणून जीएसटीच्या बिलावर प्रत्येक भाग सीरियल नंबरासह लिहून घ्यावा. वीज वारंवार जाते तिथे यूपीएसचा खर्च आधीच धरावा. वसतिगृहात राहायचं असेल, तर मात्र लॅपटॉपला पर्याय नाही.

जुन्या बाजारातही चांगला माल असतो. कंपन्यांनी काढून टाकलेले थिंकपॅड आणि लॅटिट्यूड मजबूत असतात, कीबोर्डही उत्तम. पण विंडोज 10 चा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. आय5-6300यू किंवा 7300यू कितीही स्वस्तात मिळाला तरी त्यावर उबुंटू चालवण्याची तयारी असेल तरच घ्यावा, 8350यू चालेल. बॅटरी बदलावी लागेल असं धरूनच भाव करावा.

दुकानात पैसे देण्याआधी लॅपटॉप चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबावं. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स विभागात प्रोसेसरचं पूर्ण नाव दिसतं. मेमरीवर क्लिक केलं की एकूण रॅम आणि सहसा किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. डिस्कसमोर एसएसडी लिहिलेलं आहे ना, हे बघावं. ऑफिस कायमचं आहे की वर्षभराचं आणि विंडोज परवान्याची आहे की ‘डॉस’ मॉडेलवर दुकानदाराने टाकलेली, हे तिथेच विचारून बिलावर लिहून घ्यावं.