जुन्या पिकअपवर पैसा कुठे घालावा? पंप वाढवण्याआधी, पाटे टाकण्याआधी हे वाचा

परभणी : कापसाचा हंगाम सुरू झाला की मानवत, सेलूच्या जिनिंगकडे आणि परभणीच्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पिकअपची वर्दळ वाढते. यातल्या बऱ्याच गाड्या सेकंडहँड घेतलेल्या, आठ-दहा वर्षं जुन्या असतात. "गाडी पहिल्यासारखी उचलत नाही," ही मालकांची नेहमीची तक्रार. मग कोणी पंप वाढवून घे म्हणतं, कोणी सायलेन्सर बदल म्हणतं, कोणी मागे दोन पाटे जास्त टाकायला सांगतं. हंगामाची कमाई अशा कामांत सहज जाते आणि गाडी पुन्हा गॅरेजलाच उभी राहते.

जुन्या पिकअपला नवी ताकद विकत घ्यायची गरज फार क्वचित पडते. तिची गेलेली ताकद आधी परत आणायची, आणि उरलेला पैसा ब्रेक, टायर आणि लाइटवर घालायचा. त्याचा हिशोब असा आहे.

ताकद जाते कुठे?

डिझेल इंजिनाला ताकदीसाठी भरपूर स्वच्छ हवा आणि बरोबर मापाचं डिझेल लागतं. आपल्याकडे शेतरस्त्यांची धूळ आणि कापसाचे तंतू एअर फिल्टरमध्ये बसतात. फिल्टर चोंदला की इंजिनाचा दम कोंडतो. फिल्टर बाहेरून जोरात हवा मारून साफ करू नका. त्याने धूळ आत घुसते, कागद फाटतो आणि ती धूळ थेट टर्बो आणि पिस्टनपर्यंत जाते. खराब फिल्टर बदललेलाच बरा.

दुसरी जागा म्हणजे टर्बो ते इंटरकूलर ते इंजिन हे रबरी पाइप. जुना पाइप चिरला किंवा क्लिप ढिली झाली की चढावर 'सर्र' आवाज येतो, धूर वाढतो आणि गाडी ओढत नाही. काम छोटं, पण अनेकदा सगळा दोष इथेच निघतो. त्यानंतर डिझेल फिल्टर आणि नोझल तपासा. डिझेल फिल्टरमध्ये साचलेलं पाणी पावसाळ्यात वरचेवर काढायला हवं.

धुराचा रंगही बरंच सांगतो. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा कूलंट आत जातंय. निळा धूर असेल तर आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. इंजिनच थकलं असेल तर त्यावर वरून काहीही बसवलं तरी पैसा वायाच जातो.

पंप वाढवला तर काय होतं?

जुन्या इंजिनात मिस्त्री पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतो. कॉमन रेल इंजिनात हेच काम चिप किंवा रिमॅप करून होतं. चार दिवस गाडी झपाट्याने पळते. पण हवा तेवढीच आणि डिझेल जास्त, म्हणून काळा धूर आणि आत प्रचंड उष्णता. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर असतो. अशा दिवसांत भरलेली गाडी जिंतूरकडच्या चढाला लावली की टर्बो, पिस्टन आणि हेड गॅसकेट यांच्यावर सगळा ताण येतो. क्लच, गिअरबॉक्सही मूळ ताकदीच्या मापानेच बनवलेले असतात.

शिवाय ही ताकद वापरायची कुठे? स्पीड गव्हर्नर असलेली मालवाहू गाडी ताशी ८० किलोमीटरच्या पुढे जात नाही, आणि गव्हर्नरशी छेडछाड करणं हा गुन्हा आहे. सायलेन्सर मोकळा केल्याने आवाज वाढतो, ताकद जवळपास वाढत नाही.

पाटे वाढवले, ब्रेक कमी झाला

ही गोष्ट फार जणांना माहीत नसते. अनेक पिकअपच्या मागच्या धुरीजवळ एक छोटा दांडा असतो. तो चेसिस आणि धुरीच्या मधल्या अंतरावरून गाडीत माल किती आहे हे ओळखतो. गाडी बसली की माल भरलाय असं समजून तो मागच्या चाकांना जास्त ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की ब्रेक कमी देतो, म्हणजे मागची चाकं घसरत नाहीत.

आता मागे दोन पाटे जास्त टाकले. माल भरला तरी गाडी बसतच नाही. दांड्याला वाटतं गाडी रिकामी आहे. म्हणजे सगळ्यात जास्त वजन असताना मागचा ब्रेक सगळ्यात कमी लागतो. मोडलेला किंवा थकलेला पाटा बदलून मूळ संच पूर्ण करणं योग्यच आहे. मूळ संचापेक्षा जास्त पाटे टाकणं धोक्याचं आहे.

पैसा वसूल होणारी कामं

ब्रेक : लायनर, डिस्क पॅड, ड्रम, सिलिंडर आणि वर सांगितलेला दांडा तपासून घ्या. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलावं, नाहीतर लांब उतारावर गरम होऊन पेडल खाली जातं.

टायर : गोटा झालेले किंवा रिमोल्ड टायर उन्हाळ्यात फुटतात. मालवाहू गाडीचेच, कंपनीने सांगितलेल्या साइजचे आणि वजनक्षमतेचे टायर घ्या. रुंद टायर दिसायला भारी, पण स्टेअरिंग जड होतं आणि अॅव्हरेज घटतं. टायरवरचे चार आकडे पाहा. ३२२३ म्हणजे २०२३ सालच्या ३२व्या आठवड्यात बनलेला. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापलेल्या टायरची हवा सोडू नका.

लाइट : ऊस हंगामात रात्री बिनदिव्यांच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या रस्त्यावर असतात. जुन्या गाडीत पातळ, गंजलेल्या वायरींमुळे बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळत नाही. वेगळी जाड वायर आणि रिले टाकून मूळ ६०/५५ वॅटचाच बल्ब लावला तरी उजेडात मोठा फरक पडतो. जास्त वॅटच्या बल्बने होल्डर वितळतो. एलईडी बार समोरच्याचे डोळे दिपवतो. मागची रेडियम पट्टी आणि टेललाइट मात्र चोख ठेवा.

कूलिंग : बोअरचं जड पाणी रेडिएटरमध्ये ओतल्याने आत क्षार साचतात. रेडिएटर साफ करून कंपनीने सांगितलेलं कूलंट भरा. जाळीत अडकलेला कापूस, कचरा हलक्या पाण्याने धुवा. फॅन आणि थर्मोस्टॅट तपासा.

वजन : लोखंडी गार्ड, जादा पाइप, जड जाळी यांचं वजन रोज वाहावं लागतं. १०० किलो लोखंड म्हणजे प्रत्येक खेपेला एक क्विंटल माल कमी. ते उतरवायला खर्च जवळपास लागत नाही आणि फरक लगेच कळतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ नुसार आरसीवरील नोंदी आणि कंपनीची मूळ रचना यांच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. समोरच्या लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्राने २०१७च्या डिसेंबरमध्येच कारवाईचे निर्देश दिले. ओव्हरलोडसाठी केंद्रीय कायद्यात २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार रुपये दंड आहे.

किती माल चालतो हे आरसीवरच कळतं. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. भरलेली २९५० किलो आणि रिकामी १७०० किलो असेल, तर चालक आणि सोबत्यासह १२५० किलो.

आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं. बदल केलेली गाडी तिथे अडकते. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनी क्लेमला हरकत घेऊ शकते, आणि मग भरपाईचा बोजा मालकाच्या शेतीवर, घरावर येतो.

आधी काय, नंतर काय?

पैसा थोडाच असेल तर क्रम असा ठेवा : १) ब्रेक आणि टायर, २) एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि टर्बोचे पाइप, ३) रेडिएटर आणि कूलंट, ४) लाइटची वायरिंग, ५) नोझल, क्लच आणि थकलेले पाटे. एका वेळी एकच काम करा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं.

फरक मोजायची पद्धत सोपी आहे. टाकी फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, पुन्हा फुल करताना किती लिटर बसलं ते पाहून भागाकार करा. परभणीत डिझेल आधीच महाग. समजा गाडी महिन्याला २५०० किलोमीटर चालते आणि अॅव्हरेज १२ वरून १३ वर गेलं, तर साधारण १६ लिटर वाचतात. लिटरला ९० रुपये धरले तरी महिन्याला १४०० रुपयांवर. टर्बोच्या एका चिरलेल्या पाइपाचा खर्च यातून किती दिवसांत निघतो, हे मिस्त्रीकडे भाव विचारून स्वतःच मांडून पाहा. पंप वाढवायचा विचार त्यानंतर बहुतेक मनातही येत नाही.